नावाजलेल्या रॉक बँडना खुलं पत्र: नवा अल्बम बाजूला ठेवू नका

प्रति,
पहिल्या एकदोन अल्बमांवर जगभर नाव कमावलेले सर्व रॉक बँड, त्यांचे मॅनेजर आणि त्यांच्या रेकॉर्ड कंपन्या यांस,

स.न.वि.वि.

तुमच्यातल्या एका बँडनं नुकतंच एक निवेदन काढलं. ज्या अल्बमनं त्यांचं नाव झालं त्याला आता तीस वर्षं होतील, म्हणून पुढचं सगळं वर्ष ते तोच अल्बम वाजवत फिरणार आहेत. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, रेकॉर्डवर होता त्याच क्रमानं. निवेदनाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. ज्या नव्या अल्बमचं काम चालू होतं, तो तूर्तास बाजूला ठेवला आहे. बँडचं नाव मी घेत नाही, कारण हा निर्णय आता त्यांच्या एकट्याचा राहिलेला नाही. गेली काही वर्षं तुम्ही एकामागून एक हेच करत आला आहात. दौऱ्याच्या बातमीनं लोक हरखून गेले. तळाच्या त्या ओळीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मला गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

मी बास गिटार, म्हणजे खालच्या, जाड सुरांची गिटार वाजवते. कुठल्या वर्गात जाऊन शिकले नाही. तुमच्या रेकॉर्ड लावायच्या, एकेक ओळ मागे नेऊन पुन्हा ऐकायची, बोटं हुळहुळेपर्यंत वाजवायची, असं करत शिकले. त्यामुळे तुमची गाणी मला आतून ठाऊक आहेत. ड्रमर कुठे ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, दुसरी गिटार कडव्यात मुद्दाम गप्प बसून धृपदाला कशी आत येते, हे मला दिसतं. म्हणूनच तुम्ही स्वतःचीच नक्कल करायला लागलात की तेही लगेच कळतं. पाचव्या-सहाव्या अल्बमवरचं गाणं पहिल्यांदा ऐकताना पुढची जागा कानाआधी बोटांना सापडते. ती दहा वर्षांपूर्वीच्याच गाण्याची असते, फक्त पट्टी बदललेली. त्या क्षणी जे वाटतं ते रागापेक्षा वाईट असतं.

याबद्दल बोललं की उत्तर ठरलेलं असतं. पहिला अल्बम करायला आख्खं तारुण्य मिळतं, दुसऱ्याला जेमतेम काही महिने. मग पैसा येतो, प्रत्येकाचं घर वेगळ्या शहरात होतं, वय वाढतं, आणि आटतं सगळं. रॉक हे विशीतल्या पोरांचं काम, त्याला कोण काय करणार? यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा अजिबात नाही. आपोआपच आटत असतं तर पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ निघालाच नसता. तो १९७३ सालचा, त्यांचा आठवा स्टुडिओ अल्बम. ज्याच्या गाण्यांवर बँडचं पहिलं नाव झालं तो सिड बॅरेट १९६८ मध्येच बाहेर पडला होता. म्हणजे ज्याच्या जिवावर बँड उभा होता तो माणूस गेल्यावर, पाच वर्षं धडपडून, त्यांनी आपलं सगळ्यात मोठं काम केलं. वयाचं आणि नशिबाचं कारण मला पुरत नाही ते यामुळे. यश मिळाल्यावर दरवेळी काहीतरी निवडावं लागतं, आणि माझं भांडण तुमच्या त्या निवडीशी आहे.

माझी पहिली तक्रार दौऱ्यांबद्दल आहे, आणि तीच सगळ्यात मोठी.

२९ ऑगस्ट १९६६ ला बीटल्सनी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम वाजवला. अकरा गाणी झाली. त्यांचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम बाजारात येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता, तरी त्यातलं एकही गाणं त्या अकरांत नव्हतं. ते वाजवता येण्यासारखंच नव्हतं. त्यातलं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ ऐका. जवळजवळ एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुळणीवर उभं असलेलं गाणं, खाली ड्रमचा एकच अडखळता ठेका अखेरपर्यंत, त्यावर गोल फिरवलेले टेपचे तुकडे, आणि फिरत्या स्पीकरमधून काढलेला त्यांच्या गायकाचा, जॉन लेननचा आवाज. ‘शी लव्ह्ज यू’ या त्यांच्या सुरुवातीच्या साध्यासरळ गाण्यानंतर तीन वर्षांच्या आत हे रेकॉर्ड झालं. स्टेडियममधल्या किंकाळ्यांत आपलंच वाजवणं ऐकू येत नव्हतं, त्या काळच्या सामानावर हे असलं काही उभं राहणं शक्य नव्हतं. दौरे आणि नवी गाणी यांतलं एकच काहीतरी राहणार, अशी वेळ आली. त्यांनी दौरे सोडले. जगातल्या सगळ्यात जास्त मागणी असलेल्या बँडनं, मागणी भर जोरात असताना.

त्यातून काय मिळालं ते मी बासवाल्यांच्या बाजूनं सांगते. त्या नोव्हेंबरात ते स्टुडिओत शिरले आणि पुढच्या उन्हाळ्यात ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम आला. त्यातल्या कितीतरी गाण्यांत त्यांचा बासवादक पॉल मॅकार्टनी यानं बास सगळ्यात शेवटी, वेगळ्या ट्रॅकवर वाजवला आहे. बाकीचं गाणं तयार झाल्यावर, ते ऐकत, कुठे बोलायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवून. म्हणून तो बास खालून नुसता आधार देत नाही, स्वतःचं गाणं गातो. उद्या सकाळी दुसऱ्या शहरात पोचायचं असतं तर हे जमलं असतं का?

दौरे सोडा असं मी म्हणत नाही. जुनं आणि नवं यांची गाठ पडते तेव्हा तुम्ही दरवेळी नव्यालाच बाहेर काढता, हे माझं दुखणं आहे. ईगल्सचा ‘द लाँग रन’ १९७९ चा, आणि त्यानंतरचा स्टुडिओ अल्बम २००७ चा. रोलिंग स्टोन्सनी २००५ ते २०२३ या अठरा वर्षांत स्वतःच्या नव्या गाण्यांचा एकही अल्बम काढला नाही. मधल्या काळात जगभर फिरले मात्र भरपूर. ज्यांनी १९६८ ते १९७२ एवढ्या अवधीत एकामागून एक चार थोर अल्बम दिले, ती ही माणसं. आपल्या हातून काय घडू शकतं हे त्यांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

‘लोकांना जुनंच हवं असतं’ हे तुमचं म्हणणं मी ऐकलं आहे, आणि कार्यक्रमात उभं राहून पाहिलंही आहे. गायक म्हणतो, आता एक नवीन गाणं. वर धरलेले मोबाइल खाली येतात, लोक एकमेकांशी बोलायला लागतात, काहीजण वळून बाहेरची वाट धरतात. हे व्यासपीठावरून स्पष्ट दिसत असणार, आणि ते झोंबत असणार. पण द क्युअरनं काय केलं तेही पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये दौरा सुरू करताना त्यांनी कार्यक्रमाची सुरुवातच ‘अलोन’ या न निघालेल्या गाण्यानं केली. कोणी ऐकलेलं नाही असं गाणं, वर तीन मिनिटांहून अधिक नुसतं वाजवणं, तोवर गायक तोंड उघडत नाही. पुढे जुनी, सर्वांना पाठ असलेली गाणीही मनसोक्त झाली. अल्बम आला तो १ नोव्हेंबर २०२४ ला, आधीच्या अल्बमनंतर सोळा वर्षांनी, आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. पहिला अल्बम १९७९ मध्ये काढलेल्या बँडचा! त्या गाण्यांना दोन वर्षं प्रेक्षकांसमोर उभं केल्यामुळे ती मुरली होती, हे रेकॉर्डवर ऐकू येतं. ड्रमला घाई नाही, बासचा जडपणा योग्य तितकाच, आणि आवाज येतो तेव्हा त्याची वाट पाहिली गेलेली असते. ‘लोकांना जुनंच हवं’ याला मला तरी यापेक्षा चांगलं उत्तर माहीत नाही.

दुसरी तक्रार थोडक्यात. अल्बम तयार व्हायच्या आधी दौऱ्याच्या तारखा विकू नका. यू टूनं ‘अख्टुंग बेबी’ मध्ये १९९१ साली स्वतःला मोडून पुन्हा जोडलं होतं. यश मिळाल्यावर नवं होता येतं याचा तो पुरावाच. त्याच बँडच्या १९९७ च्या ‘पॉप’चं काम चालू असतानाच दौरा ठरून गेला होता, आणि अल्बम घाईघाईत संपवावा लागला. त्यातली काही गाणी त्यांनी नंतर पुन्हा मिक्स केली, काही ठिकाणी पुन्हा रेकॉर्डही केली. धाडस कमी पडलं नव्हतं, वेळ कमी पडला. श्रोत्यांनी मात्र त्यातून असा निष्कर्ष काढला की धाडस करायला नको होतं, आणि पुढच्या अल्बमवर बँड ओळखीच्या आवाजाकडे परतला. तारखांच्या घाईची किंमत अशी दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीला मोजावी लागते.

तिसरी तक्रार तुमच्या खोलीतल्या माणसांबद्दल आहे. सुरुवातीला तुम्ही चौघं-पाचजण एकाच खोलीत, एकमेकांच्या अंगावर आदळत वाजवत होता. कोणीही कोणालाही सांगू शकत होतं, हे गाणं फार लांबलंय, हे कडवं काढ. नाव झाल्यावर सगळ्यात आधी हा माणूस जातो. आजूबाजूला होयबा उरतात. ओअॅसिसचा १९९७ चा ‘बी हिअर नाऊ’ ऐकताना मला हेच वाटतं. चाली वाईट नाहीत, पण सात-सात, नऊ-नऊ मिनिटं चालणारी गाणी, थरावर थर चढवलेल्या गिटारी, आणि पुरे म्हणणारं कोणीच नाही. दोन वर्षांपूर्वी याच बँडला कुठे थांबायचं ते नेमकं कळत होतं.

यात पैशाच्या वाटणीचाही हात असतो, आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. गाण्यावर ज्याचं नाव, त्याला रॉयल्टी. वाजवणाऱ्याची जागा कितीही सुंदर असो, नाव नसेल तर लेखनाचा पैसा नाही. मग हळूहळू प्रत्येकजण स्वतःचं गाणं अल्बमवर बसवायला धडपडतो, नाहीतर अंग काढून घेतो. आर.ई.एम.नं सुरुवातीपासून चौघांची नावं एकत्र लावली. रेडिओहेडनंही तसंच केलं. दोघंही पुष्कळ वर्षं नवं करत राहिले, यात मला योगायोग दिसत नाही. उलट उदाहरणही सांगते, नाहीतर लबाडी होईल. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलमध्ये जवळजवळ सगळं जॉन फोगर्टी लिहायचा, आणि त्यानं १९६९ च्या एकाच वर्षात बँडला तीन अल्बम दिले. १९७२ च्या शेवटच्या अल्बममध्ये लेखन तिघांत वाटलं गेलं आणि तो पार फसला. तेव्हा वाटणी समान असली की गाणी चांगली होतात असा काही नियम नाही. पण समोरच्याला नको म्हणताना स्वतःच्या पोटाचा विचार करावा लागू नये, एवढं तरी बँडनं साधायला हवं.

इथे एक गैरसमज होईल, तो आधीच दूर करते. दर अल्बमला कातडी बदला असं माझं म्हणणं नाही. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला, आणि जुलैत नव्या गायकाला घेऊन त्यांनी ‘बॅक इन ब्लॅक’ काढला. पद्धत तीच, गिटारी त्याच, कॉर्ड तेच. तरी त्या अल्बमचा प्रत्येक सेकंद जिवंत आहे, कारण ते वाजवण्याची त्या माणसांना नितांत गरज होती. आणि केवळ बदलासाठी बदललेले, आतून रिकामे अल्बमही ढिगानं आहेत. नवेपणाची माझी कसोटी साधी आहे. हे गाणं तुम्हाला आत्ता करावंसं वाटलं म्हणून केलं, की मागचं खपलं म्हणून? फ्लीटवूड मॅकला १९७७ च्या ‘रूमर्स’ नंतर दुसरा ‘रूमर्स’ सहज काढता आला असता. त्यांनी १९७९ मध्ये ‘टस्क’ हा विचित्र, खरखरीत, दोन रेकॉर्डचा अल्बम दिला. ‘रूमर्स’पेक्षा तो पुष्कळ कमी खपला, म्हणून तेव्हा त्याला अपयश म्हटलं गेलं. आज नवे वादक तो शोधून शोधून ऐकतात.

चौथी तक्रार रेकॉर्ड कंपन्यांशी आहे. कृपया हा भाग वकिलांनाही वाचायला द्या.

१९८३ मध्ये नील यंग या गायकावर त्याच्या कंपनीनं खटला भरला. आरोप काय, तर त्याचं नवं संगीत त्याच्या स्वतःच्या संगीतासारखं वाजत नाही. फोगर्टीवर त्याच्या जुन्या कंपनीनं खटला भरला तो नेमका उलट, की त्याचं १९८४ च्या अखेरीचं गाणं त्याच्याच १९७० च्या गाण्यासारखं वाजतं. जुन्या गाण्याचे हक्क कंपनीकडे होते. ज्युरीनं फोगर्टीच्या बाजूनं कौल दिला, पुढे खर्चाचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९९४ मध्ये निकाल लागला. स्वतःसारखं वाजवलं तरी खटला, नाही वाजवलं तरी खटला! तरुण बँडनं यातून काय शिकायचं?

टॉक टॉकचं उदाहरण मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचं आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्यांची गाणी युरोपभर गाजत होती. हाताशी मोठा स्टुडिओ, मोठं बजेट. त्यावर त्यांनी १९८८ मध्ये ‘स्पिरिट ऑफ ईडन’ केला. अंधार केलेल्या स्टुडिओत वादकांना तासन्‌तास मोकळं वाजवू दिलं, आणि त्यातलं बहुतेक सगळं पुसून टाकून थोडंसंच ठेवलं. त्यात एक ट्रम्पेट येतो, दोन-तीन सूर लावतो आणि जातो. मग शांतता, इतकी की खोली ऐकू येते. त्यानंतर बँड आणि कंपनी यांचं भांडण कोर्टात गेलं आणि बँड करारातून बाहेर पडला. पुढचा अल्बम दुसऱ्या कंपनीकडे, १९९१ मध्ये, आणि मग बँड थांबला. आज ज्या अल्बमचा आदरानं उल्लेख होतो, तो निघाला तेव्हा कंपनीच्या दृष्टीनं डोकेदुखी होता. कंपन्यांनो, तुमच्या हिशेबात ही वर्षं धरायला जागा ठेवा. रेडिओहेडनं ऑक्टोबर २००० मध्ये ‘किड ए’ काढला तेव्हा तीन गिटारवादकांच्या बँडचं पहिलंच गाणं बिनगिटारचं होतं, नुसते कीबोर्डचे सूर आणि कापून-कापून पुन्हा जोडलेला आवाज. एकही सिंगल, म्हणजे अल्बममधून वेगळं काढून विकलेलं गाणं, काढलं नाही. अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. मोकळं सोडलं की पैसा बुडतोच असंही नाही.

शेवटची तक्रार निरोपाच्या दौऱ्यांबद्दल. द हूनं १९८२ मध्ये निरोपाचा दौरा केला, १९८९ मध्ये पुन्हा दौऱ्यावर आले. किसनं २००० मध्ये निरोप घेतला आणि खरा शेवटचा कार्यक्रम २ डिसेंबर २०२३ ला केला. मॉटली क्रूनं २०१४ मध्ये पुन्हा दौरा न करण्याच्या करारावर पत्रकारांसमोर सह्या केल्या, २०२२ मध्ये पुन्हा दौरा केला. मन बदलू शकतं, तो प्रत्येकाचा हक्क आहे. पण ‘शेवटचं’ या शब्दावर लोक ऐपतीबाहेर जाऊन तिकीट काढतात. आर.ई.एम.नं २०११ मध्ये थांबल्याचं जाहीर केलं आणि ते खरोखर थांबले. तसं थांबणाऱ्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सांगण्यासारखं उरलं नसेल तर थांबणं हीसुद्धा आपल्या कामाची इज्जत राखण्याचीच रीत आहे.

तेव्हा मागण्या अशा:

कार्यक्रमातली निदान चौथाई गाणी अलीकडची असू द्या, आणि ती मध्यभागी लपवू नका. एखादा कार्यक्रम नव्या गाण्यानं सुरू करा.

अल्बम पुरा झाल्याशिवाय दौऱ्याच्या तारखा जाहीर करू नका.

पूर्वी तुम्हाला नको म्हणणारा जो कोणी होता, जुना निर्माता, बाहेर पडलेला वादक, त्याला एक दिवस स्टुडिओत बोलवा आणि तो बोलेल ते ऐका.

‘शेवटचा दौरा’ असं तिकिटावर छापायचं असेल तर तो शेवटचाच असू द्या.

कंपन्यांनी करारात एवढं स्पष्ट लिहावं, की अल्बम आधीच्यासारखा नाही या कारणावरून तो नाकारला जाणार नाही.

श्रोत्यांकडेही माझं एक मागणं आहे, कारण हे पत्र तेही वाचत आहेत. नवीन गाणं सुरू झालं की जागेवर थांबा. पाच मिनिटं फक्त. व्यासपीठावरून ते दिसतं.

आणि ज्या बँडच्या निवेदनामुळे हे लिहायला बसले, त्यांच्यासाठी वेगळं. तुमचा तीस वर्षांपूर्वीचा अल्बम माझ्याकडे आहे, मला तो पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत वाजवता येतो, त्यासाठी मी दौऱ्याचं तिकीट काढणार नाही. बाजूला ठेवलेला अल्बम पुरा करा. कच्चा असेल तर त्यातली दोन-तीन गाणी याच दौऱ्यात, जुन्या अल्बमच्या आधी वाजवा, फसली तर फसू द्या आणि दुसऱ्या दिवशी बदलून पुन्हा वाजवा. असं केलंत तर मी पहिल्या रांगेत असेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक बासवादक आणि श्रोती